जुन्या मोटारसायकलीला नवे रूप: खर्च कोठे करावा, हात कोठे आखडावा

भारतातील दुचाकींच्या इतिहासात १९८५ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी हीरो होंडाची चार स्ट्रोक इंजिनाची ‘सीडी १००’ बाजारात आली आणि त्याच सुमारास यामाहाची दोन स्ट्रोकची ‘आरएक्स १००’ देखील रस्त्यावर उतरली. पहिली तिच्या काटकसरीसाठी, तर दुसरी तिच्या वेगासाठी ओळखली जाऊ लागली. ‘आरएक्स १००’ चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. ‘सीडी १००’ च्याच घडणीचे, ९७.२ सीसी क्षमतेचे इंजिन घेऊन १९९४ मध्ये आलेली ‘स्प्लेंडर’ मात्र देशात घरोघरी पोहोचली. हीरो आणि होंडा या कंपन्यांनी २०१० मध्ये विभक्त होण्याचा निर्णय घेतला, तरी त्यांच्या संयुक्त नावाचा शिक्का असलेल्या या गाड्या अद्याप अनेक घरांच्या अंगणात, जिन्याखाली किंवा सोसायटीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या दिसतात.

अशी गाडी विकावयास काढली तर फारसे पैसे येत नाहीत आणि भंगारात देण्यास मन धजत नाही. पुष्कळदा ती वडिलांची किंवा काकांची असते. अशा वेळी तीच गाडी दुरुस्त करून, थोडी नटवून पुन्हा वापरात आणावी, असा विचार पुढे येतो. टाकीला नवा रंग, सपाट आसन, बुटके हँडल, गोल दिवा असे बदल घरच्या घरी करण्याकडे तरुणांचा ओढा आहे. सुटे भाग सहज मिळणे, रचना साधी असणे आणि बिघाड झाल्यास गावातील कोणत्याही कारागिराला तो दुरुस्त करता येणे या कारणांमुळे शंभर सीसीची चार स्ट्रोक गाडी या कामासाठी सर्वांत सोयीची ठरते.

तथापि, या छंदात बहुतेकांचा पैसा चुकीच्या ठिकाणी खर्च होतो. जे डोळ्यांना दिसते त्यावर तो आधी खर्च होतो आणि गाडी ज्यामुळे थांबते, वळते व रात्री दिसते त्या भागांपर्यंत पोहोचेस्तोवर तो संपलेला असतो. दुसरी चूक कायद्याच्या बाबतीत होते. हौसेने केलेला एखादा बदल गाडीची नोंदणीच अडचणीत आणू शकतो, हे अनेकांना नूतनीकरणाच्या वेळी कळते.

आधी कागदपत्रे, मग पाने

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकास करता येत नाही. वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य पालटणारा रचनेतील बदल, अशी ‘बदल’ या शब्दाची व्याख्या याच कलमात आहे. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द ठरवून हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेले भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याचा अर्थ गाडीला हातच लावू नये असा नव्हे. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा व त्याच प्रकारचा नवा भाग बसवणे ही दुरुस्ती आहे. आसनाचे आवरण बदलणे, हँडलची मूठ बदलणे, आरसे बदलणे यांनी गाडीचे मूलभूत स्वरूप पालटत नाही. याउलट, सांगाडा कापणे, तो लांबवणे अथवा आखूड करणे, वेगळ्या क्षमतेचे इंजिन बसवणे हे बदल उघडपणे कलमाच्या कक्षेत येतात. खराब झालेले इंजिन त्याच बनावटीच्या दुसऱ्या इंजिनाने बदलायचे असले तरी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नव्या इंजिन क्रमांकाची नोंद आवश्यक असते.

रंगाबाबत बराच गैरसमज आहे. नोंदणी प्रमाणपत्रात रंगाची नोंद असते. त्यामुळे काळी गाडी लाल करावयाची असल्यास परिवहन कार्यालयात अर्ज करून ती नोंद बदलून घेणे हाच सरळ मार्ग होय. एका रंगास मात्र पूर्ण मनाई आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे संरक्षण विभागाची वाहने वगळता अन्य कोणतेही वाहन ऑलिव्ह हिरव्या, म्हणजे लष्करी हिरव्या रंगात रंगवता येत नाही. जुन्या बुलेटला ‘मिलिटरी’ रूप देण्याची हौस असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते व त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. मोटारसायकलीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये झाले आणि २० वर्षांहून जुन्या मोटारसायकलींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात याखेरीज पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांबाबत स्वतंत्र न्यायालयीन आदेश आहेत. तेथे राहणाऱ्यांनी ते पाहिल्याशिवाय जुन्या गाडीवर एक रुपयाही खर्च करू नये.

गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास त्याची माहिती व वाहन वापरण्याचा मनोदय कळवावा आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावा, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात हे काम वर्षानुवर्षे राहून जाते. नाव न बदललेल्या गाडीवर खर्च करणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याच्या गाडीवर खर्च करणे होय. त्याचप्रमाणे, नोकरीनिमित्त बंगळुरू, इंदूर अथवा हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांनी आपल्या महाराष्ट्रात नोंदवलेल्या गाड्या सोबत नेलेल्या असतात. दुसऱ्या राज्यात वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील क्रमांक घ्यावा लागतो व त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. हे सोपस्कार गाडी मूळ रूपात असतानाच उरकून घेतल्यास तपासणीच्या वेळी वाद उद्भवत नाही.

तपासणीत अधिकारी सर्वप्रथम सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक आणि इंजिनाच्या कवचावरील क्रमांक पाहतात. सांगाडा घासून त्यावर जाड पावडर कोटिंग चढवले की हे अंक बुजतात आणि प्रामाणिक मालकावरही संशय घेतला जातो. त्यामुळे घासकामास प्रारंभ करण्यापूर्वी त्या जागेवर चिकटपट्टी लावावी आणि रंगकाम करणाऱ्यासही तशी स्पष्ट सूचना द्यावी.

बाजार आणि हत्यारे

जुन्या दुचाकींच्या सुट्या भागांसाठी देशातील काही बाजार प्रसिद्ध आहेत. पुण्यातील नाना पेठ, दिल्लीतील करोल बाग, चेन्नईतील पुदुपेट, बंगळुरूचा जे. सी. रोड आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार ही त्यांपैकी ठळक नावे होत. तेथे मूळ कंपनीचे, अन्य कंपन्यांचे, जुन्या गाड्यांतून काढलेले आणि निव्वळ नकली असे सर्व प्रकारचे भाग शेजारी शेजारी मिळतात. शोभेच्या वस्तूत स्वस्त माल चालून जाईल. ब्रेक शू, केबल, बेअरिंग, साखळी आणि टायर यांत तो घेऊ नये.

हत्यारांवर फार खर्च करण्याचे कारण नाही. १०, १२, १४ आणि १७ आकाराचे पाने, त्याच मापांचे काही टी पाने, पक्कड, तारांचा ब्रश आणि एक साधा मल्टिमीटर एवढ्यावर बरेच काम होते. जपानी घडणीच्या इंजिनांवरील चौफुलीच्या स्क्रूंचा खाचा नेहमीच्या स्क्रू-ड्रायव्हरला नीट जुळत नाही व घाईने फिरवल्यास त्याचे डोके झिजते. अशा वेळी हातोडीने ठोकून फिरवण्याचा इम्पॅक्ट स्क्रू-ड्रायव्हर वापरावा. गंजलेल्या नटबोल्टवर आदल्या रात्री डिझेल व तेल सोडून ठेवण्याची गॅरेजमधील जुनी युक्तीही उपयोगी पडते. खोलण्यापूर्वी प्रत्येक बाजूने छायाचित्रे काढावीत व प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत नाव लिहून ठेवावेत. घरच्या घरी उघडलेल्या कितीतरी गाड्या पोत्यातून कारागिराकडे जातात. त्यामागे कौशल्याच्या अभावापेक्षा हा आळस अधिक असतो.

गाडी थांबली पाहिजे

एखाद्याने एकूण २०,००० रुपयांची मर्यादा ठरवली आहे असे समजू. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम ब्रेक, टायर, साखळीचा संच, बेअरिंग, बुश आणि वायरिंग यांसाठी बाजूला काढावी. या कामानंतर गाडी दिसायला आधी होती तशीच दिसेल, हे मान्य करूनच पुढे जावे.

शंभर सीसीच्या जुन्या गाड्यांना दोन्ही चाकांत ड्रम ब्रेक असतात. ड्रममधील शू झिजले की ते बदलणे हे तासाभराचे काम आहे. मात्र नवे शू बसवूनही ब्रेक सैल लागत असल्यास दोष बहुधा दुसरीकडे असतो. ड्रमची आतील बाजू लंबगोल झालेली असते, केबल ताणलेली असते, किंवा ब्रेकची बाहेरची दांडी चुकीच्या दात्यावर बसवलेली असते. ब्रेक पूर्ण दाबला असता केबल आणि ही दांडी यांत जवळजवळ काटकोन व्हावयास हवा. तसे झाल्यास हाताचा जोर पूर्णपणे शूपर्यंत पोहोचतो. हा कोन फार मोठा किंवा फार लहान असला की जोर वाया जातो. एकही रुपया खर्च न करता होणारी ही सुधारणा आहे.

जुन्या ब्रेक शूच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ड्रममधील काळी धूळ तोंडाने फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवण्याची सर्वत्र दिसणारी पद्धत त्यामुळे फुप्फुसांना घातक ठरू शकते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे.

टायरच्या बाजूवर चार अंकी संख्या कोरलेली असते. पहिले दोन अंक आठवड्याचे व नंतरचे दोन वर्षाचे असतात. म्हणजे ३२१८ याचा अर्थ २०१८ मधील ३२ वा आठवडा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर नक्षी भरपूर शिल्लक असते आणि म्हणून तो चांगला वाटतो. रबर मात्र कडक होऊन त्यास बारीक भेगा पडलेल्या असतात. ओल्या रस्त्यावर असा टायर घसरतो. नवा टायर घेताना मूळ मापच घ्यावे. स्प्लेंडरच्या दोन्ही चाकांना २.७५-१८ मापाचे टायर येतात. तिच्या अरुंद रिमवर जाड टायर चढवला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, रस्त्याला टेकणारा भाग नीट बसत नाही, तो साखळीला किंवा मागील फाट्याला घासू शकतो आणि इंधनही अधिक लागते. छायाचित्रात दिसणारा रुंद टायर शंभर सीसीच्या गाडीवर केवळ ओझे ठरतो.

हँडल हलवून पाहिले असता मध्यभागी खाचेत अडकल्यासारखे वाटत असेल तर त्यातील गोळ्या व कोन झिजलेले आहेत. पुढील फोर्कमधून तेल गळत असेल तर सील बदलून दोन्ही नळ्यांत समान तेल भरावे. मागील फाट्याचे बुश तपासण्यासाठी गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक आडवे हलवून पाहावे. या तीन ठिकाणची ढिलाई गेली की वीस वर्षांची गाडी वळणावर एकदम वेगळी वाटते.

साखळी आणि तिची दोन्ही दातेरी चाके नेहमी एकत्र बदलावीत. पुढील चाकाचा एखादा दाता वाढवून वेग वाढवण्याचा सल्ला पुष्कळ मिळतो. समजा, पुढे १४ व मागे ४२ दाते आहेत. तेव्हा गुणोत्तर ३ येते. पुढे १५ केल्यास ते २.८ होते. सपाट रस्त्यावर इंजिन थोडे शांत चालेल, परंतु दोघे जण बसून घाट चढताना तोच बदल जाचेल.

दिव्यांचे गणित

रूपपालट केलेल्या गाड्यांत सर्वाधिक बिघाड वायरिंगमध्ये होतात, कारण तेथे समजून न घेता तारा जोडल्या जातात. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत विजेचे दोन मार्ग असतात. इंडिकेटर, भोंगा व ब्रेकचा दिवा बॅटरीवर, म्हणजे एकदिश प्रवाहावर चालतात. पुढील मोठा दिवा मात्र थेट इंजिनातील मॅग्नेटोच्या वेटोळ्यातून येणाऱ्या उलटसुलट प्रवाहावर चालतो. म्हणूनच गाडी सिग्नलला उभी असताना तो मंदावतो आणि इंजिनाचा वेग वाढवला की उजळतो. अशा दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब नुसताच खोचला तर तो लुकलुकतो किंवा थोड्याच दिवसांत बंद पडतो. दोष बल्बचा नसतो. संपूर्ण यंत्रणा एकदिश प्रवाहावर आणण्यासाठी रेग्युलेटर-रेक्टिफायर बदलावा लागतो आणि मॅग्नेटोच्या वेटोळ्याची जमिनीला जोडलेली तारही वेगळी करावी लागते. हे काम जाणकार वायरमनकडून करून घेणे इष्ट.

त्यापुढचा प्रश्न भाराचा आहे. किकने सुरू होणाऱ्या स्प्लेंडरची बॅटरी १२ व्होल्ट, २.५ अँपिअर-तास क्षमतेची असते. गुणाकार केला तर ती ३० वॅट-तास होते. तिच्यावर प्रत्येकी २० वॅटचे दोन जादा दिवे लावल्यास हिशेबाने ती पाऊण तासात रिकामी होईल. प्रत्यक्षात त्याआधीच होईल. मॅग्नेटो ही तूट भरून काढील असे मानणे चुकीचे आहे, कारण तो मुळात लहान दिव्यांच्या भाराकरिताच बनवलेला असतो. परिणामी भोंगा आणि ब्रेकचा दिवा क्षीण होतात व मागून येणाऱ्या वाहनास गाडी थांबत असल्याचे दिसत नाही.

एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते अतिशय वेगाने उघडझाप करू लागल्याची तक्रारही नेहमीची. जुना फ्लॅशर रिले १० वॅटच्या बल्बांच्या प्रवाहावर चालतो. एलईडीला तितका प्रवाह लागत नाही. इलेक्ट्रॉनिक रिले बसवताच हा दोष जातो. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे हा उपाय नव्हे. कोठेतरी तारेचे आवरण घासून ती सांगाड्याला टेकत असते. बहुधा ती जागा हँडलच्या मानेपाशी किंवा आसनाखाली सापडते.

रंग आणि टाकी

रूपाचा खरा पालट रंगाने होतो व सुदैवाने यात पैशापेक्षा मेहनत अधिक लागते. रंगाऱ्याच्या मजुरीतील मोठा हिस्सा घासकामाचा असतो. ते घरी करता येते. आधी १२० क्रमांकाच्या कागदाने जुना रंग व गंज काढावा, पुट्टीने पोचे भरावेत, मग ३२० आणि शेवटी ६०० च्या कागदाने पाण्याखाली घासावे. त्यावर प्रायमर, मग रंगाचे पातळ थर द्यावेत. एका जाड थरापेक्षा चार पातळ थर चांगले बसतात. डब्यातून फवारण्याचा साधा रंग स्वस्त असतो, पण पेट्रोलचा थेंब पडताच तो विरघळतो. टाकीसाठी हार्डनर मिसळून लावण्याचा टू-के प्रकारचा रंग वा निदान त्याच प्रकारचा पारदर्शक थर आवश्यक आहे. त्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांचा फवारा श्वासात जाणे धोकादायक असल्याने हा शेवटचा हात मात्र रंगाऱ्याकडूनच घ्यावा. रुमाल बांधून बंद खोलीत हे काम करू नये. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात रंगकाम काढल्यास हवेतील दमटपणामुळे रंगावर पांढुरकी छटा येते. दिवाळीनंतरचे दिवस याला उत्तम.

टाकीच्या आतील गंजाकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. त्याचे कण कार्ब्युरेटरमध्ये अडकतात आणि गाडी चालता चालता बंद पडते. टाकी रिकामी करून तीत व्हिनेगर भरून एक दोन दिवस ठेवावे, मूठभर लहान नट टाकून ती हलवावी, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी व लगेच आतून तेलाचा हात फिरवावा. वाळवण्यास उशीर झाल्यास तासाभरात नवा गंज चढतो. हे सारे बाहेरचा रंग देण्यापूर्वी करावे.

टाकीला छिद्र असेल तर येथे एक गंभीर धोका संभवतो. पेट्रोल ओतून टाकले तरी आत वाफ राहते आणि भरलेल्या टाकीपेक्षा अशी रिकामी टाकी अधिक स्फोटक असते. घरी किंवा कोपऱ्यावरील वेल्डिंगच्या दुकानात ती तशीच झाळण्यास देऊ नये. हे काम रेडिएटर व टाक्यांची झाळकामे नित्य करणाऱ्याकडेच न्यावे. तेथे टाकी आधी गरम पाण्याने वारंवार धुतली जाते व पाणी किंवा निष्क्रिय वायू भरून मगच आच लावली जाते.

आसन, हँडल आणि सायलेन्सर

सध्या सर्वाधिक आवडते रूप ‘कॅफे रेसर’ हे होय. १९५० व १९६० च्या दशकांत लंडन परिसरातील तरुणांनी एस कॅफेसारख्या उपाहारगृहांच्या आसपास वेगाच्या शर्यती लावण्यासाठी आपल्या गाड्या हलक्या केल्या, त्यातून ही शैली जन्मली. खाली झुकलेले हँडल, एकट्यापुरते आसन आणि उघडा मागचा भाग ही तिची खूण. तेथील गुळगुळीत रस्त्यांवरील छोट्या धावेसाठी ती ठीक होती. गतिरोधक व खड्डे यांतून रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याचे मनगट व कंबर चार दिवसांत तक्रार करू लागतात.

शिवाय एकेरी आसनासाठी मागील सांगाडा कापला जातो, तो तर कायद्यानेही निषिद्ध आणि बळकटीच्या दृष्टीनेही घातक. नोंदणीत दोन आसनांची नोंद असते. ती तशीच राहू द्यावी. मूळ आसनाचा पत्रा कायम ठेवून फोम कोरून घ्यावा आणि त्यावर सपाट शिवणीचे रेक्झीन चढवावे. आसनाची कव्हरे शिवणारा कोणताही कारागीर हे काम करून देतो व सांगाड्याला धक्काही लागत नाही.

मागील चाकाजवळील जाळीची, जिला सर्वसाधारणपणे साडी गार्ड म्हणतात, गोष्ट अशीच आहे. ती रूपास बाधा आणते म्हणून सर्वप्रथम काढली जाते. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी व्यवस्था, पायटे आणि पकडण्यास मूठ असणे नियम १२३ प्रमाणे बंधनकारक आहे. साडीचा पदर वा ओढणी चाकात गुंतून होणारे अपघात किती भयंकर असतात हे वेगळे सांगावयास नको. जाळी काळ्या रंगात रंगवली तर ती नजरेत भरत नाही.

मागील क्रमांकपट्टी २०० बाय १०० मिलिमीटर मापाची असते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रासह अनेक राज्यांत उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची करण्यात आली असल्याने ती कापून, वाकवून आसनाखाली दडवण्याचा मार्ग आता उरलेला नाही.

हँडल बदलल्यास एक चाचणी अवश्य करावी. इंजिन सुरू ठेवून हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत वळवावे. इंजिनाचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे. अशी गाडी अरुंद वळणावर आपोआप वेग घेईल.

सायलेन्सरच्या बाबतीत हौस व उपद्रव यांतील सीमारेषा फार पुसट आहे. ८० ते १७५ सीसी क्षमतेच्या दुचाकींसाठी आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आणि त्याहून मोठ्या दुचाकींसाठी ८० डेसिबल आहे. ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो व परवानाही तीन महिन्यांसाठी जाऊ शकतो. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये वाचकांनी पाहिली असतील. पण दंड बाजूला ठेवला तरी इंजिनाचेही नुकसान होते. मोकळ्या नळीमुळे वायू सहज बाहेर पडतो, कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. ‘आरएक्स १००’ सारख्या दोन स्ट्रोकच्या गाडीत तर सायलेन्सरमधून परत येणारी दाबलहर ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये टिकवून धरते. त्याची आतील रचना काढून टाकली की आवाज वाढतो आणि ताकद घटते. एअर फिल्टरची पेटी काढून त्या जागी जाळीचा शंकू लावण्यानेही मिश्रण पातळ होते. त्यात आपल्याकडील धूळ थेट आत जाऊन रिंगा व सिलिंडर झिजवते.

ज्यांच्याकडे १९६० किंवा १९७० च्या दशकातील जावा, येझदी अथवा बुलेट आहे त्यांनी निराळा विचार करावा. जुलै २०२१ मधील नियमांनुसार ५० वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते व त्यास ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकमालिका मिळते. सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेले वाहन यास पात्र ठरत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडू लागलेल्या गाड्या या वयाच्या झाल्या आहेत. त्यांचे सांगाडे कापून केलेले ‘बॉबर’ पाहिले की हळहळ वाटते.

सिलिंडर बोअर करणे, क्रँकचे बेअरिंग बदलणे आणि आऱ्यांची चाके सरळ करणे ही कामे लेथवाल्याकडे व अनुभवी कारागिराकडेच द्यावीत. बदल केल्याचे विमा कंपनीस कळवावे, अन्यथा गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता राहते. तृतीय पक्ष विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र तर कोणत्याही जुन्या गाडीस लागतेच.

काम पूर्ण झाल्यावर पहिल्या दिवशी घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर कमी वेगाने दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासावेत. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व नटबोल्ट, आऱ्या आणि साखळीचा ताण पुन्हा पाहावा, कारण नवे भाग या काळात बसतात व सैल होतात. काढलेले मूळ हँडल, सायलेन्सर, आसन आणि दिव्याचे कवच भंगारवाल्यास देऊ नये. तेल लावून पोत्यात बांधून ठेवावे, कारण पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी गाडी परिवहन कार्यालयात न्यावयाची वेळ येईल तेव्हा त्यांची गरज पडू शकते.